घरपट्टी थांबवून नगरपालिका वठणीवर येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत तुमचं घर आहे. घरपट्टी एका फटक्यात दुप्पट झाली. गेल्या वर्षी केलेला गल्लीतला काँक्रीटचा रस्ता यंदा पाइपलाइनसाठी उकरला. बागेसाठी राखलेल्या जागेवर गाळे बांधायची चर्चा आहे. म्हणून सगळ्या गल्लीने मिळून घरपट्टी भरायचीच नाही असं ठरवताय, आणि त्यात काही अडचण येईल का, असं विचारताय.

अडचण येईल, आणि ती नगरपालिकेला नाही, तुम्हालाच येईल. पण त्याआधी एक गाठ सोडवू. तुम्ही तीन भांडणं एकाच गाठोड्यात बांधली आहेत. घरपट्टीची फाईल कर विभागात, रस्त्याची बांधकाम विभागात आणि जागेची नगररचनेत असते. तिघांचे कायदे वेगळे, हरकतीच्या मुदती वेगळ्या, आणि मुख्य म्हणजे पैसे वेगळे. तुमच्या घरपट्टीतून तो रस्ता बहुतेक झालेलाच नाही. छोट्या गावातले रस्ते जिल्हा नियोजन समितीमार्फत येणाऱ्या राज्याच्या नगरोत्थान योजनेच्या निधीतून, वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून, वस्ती सुधारच्या पैशातून, नाहीतर आमदार-खासदार फंडातून होतात. घरपट्टीवर चालतात पथदिव्यांची बिलं, पाण्याच्या मोटारींची वीज, घंटागाडीचं डिझेल, सफाईचे ठेके. पगाराचा मोठा भाग शासनाच्या सहायक अनुदानातून येतो. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली तेव्हापासून गाडा असाच चालला आहे. तेव्हा घरपट्टी थांबवली की ठेकेदाराचं काही बिघडत नाही. तुमच्याच कोपऱ्यावरचा दिवा बंद पडतो.

कोल्हापुरात अशा वेळी शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध झालेल्या आंदोलनाचा दाखला हमखास दिला जातो. तो इथे लागू पडत नाही. टोल रस्ते बांधणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारातून आला होता. तो काढायचा तर शासनाने कंपनीचा हिशेब भागवायचा, हा मार्ग होता, आणि २०१५ मध्ये शासनाने तोच धरला. घरपट्टी महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ खाली बसलेला कर आहे. मुदतीत भरली नाही तर थकीत रकमेवर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती (दंड) चढते. मग मागणी नोटीस, मग जप्तीचं वॉरंट. मधल्या काळात घराच्या नावात बदल, बांधकाम परवाना, थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं अडतं. गल्लीतला एखादा पोरगा पुढच्या निवडणुकीत उभा राहणार असेल, तर त्याचा अर्जसुद्धा थकबाकीवरून अडचणीत येतो. शिवाय कराविरुद्ध अपील करायचं तर आधी मागणीची रक्कम भरावी लागते. म्हणजे जो भरत नाही, त्याला दादच मागता येत नाही.

आता घरपट्टी. ती का वाढली याची साधारण तीन कारणं असतात आणि तुमच्याकडे कोणतं आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिलं कारण, चतुर्थ वार्षिक फेरआकारणी. दर चार वर्षांनी यादी नव्याने करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती रखडते आणि मग आठ-दहा वर्षांची वाढ एकदम अंगावर येते. दुसरं, गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद किंवा नगरपंचायत झालेली असणं. जिल्ह्यात आज १० नगरपरिषदा आणि ३ नगरपंचायती आहेत. त्यातल्या हुपरी, शिरोळ, आजरा, चंदगड, हातकणंगले या गावांना हा दर्जा अलीकडच्या काळातच मिळाला. ग्रामपंचायतीची आकारणी इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते, नगरपरिषदेची वार्षिक भाड्याच्या अंदाजावर. पद्धतच बदलल्यामुळे जुन्या बिलाशी तुलना करून भांडण टिकत नाही. तिसरं कारण दिल्लीतून येतं. १५व्या वित्त आयोगाने शहरी संस्थांना अनुदान देताना अट घातली की राज्याने मालमत्ता कराचे किमान दर ठरवावेत आणि कराची वसुली राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या वाढीच्या प्रमाणात वाढत जावी. वसुली वाढली नाही तर अनुदान अडकतं. त्यामुळे कर वाढवायला नगरसेवक राजी नसले तरी मुख्याधिकाऱ्यांना तो रेटावा लागतो.

बिल हातात घेऊन आधी त्याची फोड करा. एकत्रित मालमत्ता करात सामान्य कर, दिवाबत्ती, स्वच्छता वगैरे भाग असतात. त्याखाली शिक्षण उपकर, वृक्ष उपकर असे आकडे दिसतील. शिक्षण उपकर शासनाचा आहे, नगरपरिषद फक्त गोळा करते. त्यावर नगरपालिकेत भांडून काही निघत नाही. रोजगार हमी उपकर फक्त बिगरनिवासी वापरावर लागतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसला तर समजा की तुमच्या घराची, निदान एका खोलीची, नोंद दुकान म्हणून झाली आहे. बिलातली ही एक ओळ सगळ्यात आधी बघा.

आकारणीचं गणित असं चालतं. खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावाचे दर वेगळे असतील. क्षेत्रफळ ६२ चौरस मीटर, दर महिन्याला चौरस मीटरमागे १२ रुपये, गुणिले १२ महिने, झाले ८,९२८. त्यातून दुरुस्तीखर्चाची १० टक्के वजावट, उरले ८,०३५. हे करयोग्य मूल्य. एकत्रित कर २२ टक्के धरला तर १,७६८ रुपये. नव्या आकारणीत दर १८ रुपये झाला आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर दाखवलं, तर त्याच हिशेबाने कर ३,५९३ रुपये. वाढ १,८२५ रुपयांची. पण क्षेत्रफळ जुनंच ६२ ठेवून नवा दर लावून बघा: २,६५२ येतात. म्हणजे वाढीतले ८८४ रुपये दरामुळे आणि ९४१ रुपये मोजणीमुळे.

ही फोड का करायची? कारण दर अख्ख्या झोनला लागू असतो. एकट्याच्या सुनावणीत तो खाली येत नाही. तो सभेत, राजकीय पातळीवर लढायचा. मोजणी मात्र तुमच्या एकट्याची असते आणि ती एका कागदावर दुरुस्त होते. नव्या आकारणीचं काम बहुतेक ठिकाणी खासगी एजन्सीकडे असतं. त्यांची पोरं घर बाहेरून मोजतात, नाहीतर वरून काढलेल्या नकाशावर छपराची कड धरतात. मग पोर्च, जिन्यावरचं छप्पर, गच्चीवर वाळवणासाठी टाकलेला पत्रा, मागचा गोठा, जळणाची खोपी, सगळं राहतं घर म्हणून धरलं जातं. दगड-मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या घराला पुढची एक खोली स्लॅबची असली की सगळं घर आरसीसी ठरतं. टेप घेऊन आतून खोलीवार मोजा, मीटरमध्ये कच्चा नकाशा काढा आणि आकारणी उताऱ्याशी ओळ न् ओळ ताडून बघा. त्या उताऱ्याची नक्कल कर विभागात अर्ज करून मिळते.

परवान्याशिवाय वाढवलेलं बांधकाम असेल तर मोजणीवर बोट ठेवताना जपून. त्यावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत वेगळी शास्ती लागू शकते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. उलटं, कुटुंबात माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा असेल तर मालमत्ता कराच्या माफीची योजना २०२० पासून आहे. गडहिंग्लज, कागल भागात असं घर सापडणार नाही अशी गल्ली विरळाच. तरी अर्ज न केल्यामुळे पुरी घरपट्टी भरणारी घरं कमी नाहीत.

हरकतीचा रस्ता असा. कलम ११९ खाली जाहीर नोटीस निघते, कच्ची यादी बघायला ठेवतात आणि हरकतींसाठी मुदत देतात. त्या मुदतीत प्रत्येक मिळकतीची स्वतंत्र हरकत लेखी द्या. जुनं बिल, नवी नोटीस, सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवाना असेल तर तो, घरगुती दराचं वीजबिल, तुमचा नकाशा आणि चारी बाजूंचे फोटो सोबत लावा. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. गल्लीने मिळून दिलेलं सह्यांचं निवेदन ही हरकत नव्हे. ते निवेदनाच्या फाईलला लागतं, त्यावर सुनावणी लागत नाही, आणि मुदत संपली की "आपली हरकत प्राप्त नाही" असं उत्तर येतं. छोट्या गावांत सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. मोर्चाला हजार माणसं आणि हरकती शंभरसुद्धा नाहीत, असं चित्र असेल तर यादी जशीच्या तशी अंतिम होते.

सुनावणीत भाषण नको. "पत्रक अमुक, अनुक्रमांक अमुक, क्षेत्रफळ ८४ दाखवलं आहे, प्रत्यक्ष ६२ आहे, फेरमोजणी करावी", एवढं पुरे. फेरमोजणीच्या वेळी घरी हजर राहा आणि पंचनाम्याची नक्कल मागा. मुदतीत हरकत देऊनही बिल तसंच हातात आलं असेल, तर कलम १६९ खालचं अपील उरतं. त्यासाठी बिल मिळाल्यापासून १५ दिवसच हाताशी आहेत असं धरून चाला आणि रक्कम "हक्क राखून", म्हणजे आकारणी मान्य न करता, भरत असल्याचं पत्र पावतीबरोबर द्या.

रस्त्याकडे वळू. काँक्रीट झाल्यावर पाइपलाइनसाठी रस्ता उकरला जाणं म्हणजे भ्रष्टाचारच, असं नाही. रस्त्याचा निधी एका योजनेचा, पाणी योजना दुसऱ्या खात्याची, आणि मार्चअखेर पैसे परत जाण्याची भीती. त्यामुळे ज्याची मंजुरी आधी येते त्याचं काम आधी उरकलं जातं. नियोजनाचा हा नालायकपणा आहे, पण फौजदारी गुन्हा नाही. गडबड बहुतेक पुढच्या पायरीवर होते. पाइपलाइनच्या अंदाजपत्रकात खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची बाब वेगळी धरलेली असते, त्याचे पैसे पाणी योजनेच्या ठेकेदाराला मिळतात. आणि सहा महिन्यांनी त्याच गल्लीचं काँक्रीटीकरण दुसऱ्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) पुन्हा निघतं. एकाच चरावर दोन बिलं. हे शोधायचं तर दोन्ही कामांची कागदपत्रं शेजारी ठेवून बघावी लागतात. एकच फाईल मागणाऱ्याला सगळं नियमातच दिसतं.

तेव्हा मागा ते हे: दोन्ही कामांचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक, त्रयस्थ तपासणीचा अहवाल आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने ते दुरुस्त करायची मुदत) लिहिलेली निविदेतली अट. बाकी जाडजूड बाड मागू नका. यातली मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एम.बी. म्हणतात ती, सगळ्यात बोलकी असते. समजा तिच्यात लांबी १०० मीटर, रुंदी ४ मीटर, जाडी १५ सेंटिमीटर आहे. काँक्रीट झालं ६० घनमीटर. चर खणला आहे तिथे उघड्या पडलेल्या कडेला टेप लावा. सरासरी जाडी १२ सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ४८ घनमीटरच पडलं, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. तुमची गल्ली उकरलेली आहे हा या बाबतीत फायदाच समजा. दर पाच-दहा मीटरवर टेपसकट फोटो घ्या, मागे एखादं घर किंवा खांब ओळखू येईल असे. चर बुजला की ही संधी गेली. स्वतः कुदळ मारू नका. कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार नमुना, कापून तपासणी करावी अशी लेखी मागणी करा. शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेकडून ती होते. काम दोषदायित्व कालावधीत असेल तर खड्ड्यांची दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी लेखी तक्रार असावी लागते, नाहीतर कालावधी उलटून त्याची अनामत निमूट परत जाते.

फाईल बघताना आणखी दोन खुणा. एक, एकाच गल्लीच्या कामाचे "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत" असे लागोपाठचे तुकडे, प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेच्या जरा खाली. दोन, कलम ५८(२) चा उल्लेख. आणीबाणीत नगराध्यक्षांना थेट काम करून घेण्याचा अधिकार त्याने मिळतो. फुटलेल्या मुख्य जलवाहिनीला तो शोभतो, चौकातल्या कमानीला नाही. २०२१-२२ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत जवळपास सगळीकडे प्रशासक होते, त्या काळातले ठराव सभेत चर्चा न होता एका सहीने झाले आहेत. ते बेकायदा आहेत असं नव्हे, पण वाचण्याजोगे नक्की आहेत.

कागद मिळवायचे कसे? माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून दोन कामांचे दोन अर्ज करा. "भ्रष्टाचार का झाला?" असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही, कागदाचं नाव घेऊन नक्कल मागा. त्याहून बरं म्हणजे अभिलेख पाहणी, म्हणजे कार्यालयात बसून फाईल बघायला मागणं, पहिल्या तासाला शुल्क नाही. आणि २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्ज न करताही अभिलेख बघू देण्याची सोय केली आहे. काही ठिकाणी काउंटरवर हे माहीत नसल्याचा आव आणतात. निर्णयाची प्रत खिशात ठेवा. उत्तर ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. दुसऱ्याला वेळ लागतो, तोवर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेत लेखी तक्रार आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला तिची प्रत द्या. लेखापरीक्षणात आक्षेप नोंदला गेला की तो वर्षानुवर्षं अधिकाऱ्याच्या मागे राहतो, त्याला प्रशासन बातमीपेक्षा जास्त बिचकतं. आणि कागद हातात येण्याआधी टक्केवारीचे आकडे घालून कोणाच्या नावाने ग्रुपवर लिहू नका. बदनामीची नोटीस तुम्हाला येईल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

राहिली बागेची जागा. इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण "गाळे होणार" याचे चार वेगळे अर्थ होतात. नगररचना विभागातून त्या गट नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या, मग कळेल. जागा खासगी मालकाची असेल आणि विकास योजना मंजूर होऊन १० वर्षं उलटली असतील, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा घ्या नाहीतर सोडा, अशी नोटीस) देतो. नगरपरिषदेने २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. यात मालकाला दोष देता येत नाही. दोष सूचना दाबून ठेवणाऱ्याचा असतो, म्हणून सूचना कधी आवक झाली, सभेपुढे कधी ठेवली, या तारखा मागा. दुसरी शक्यता समावेशक आरक्षणाची: मालक ठराविक हिस्सा बाग म्हणून विकसित करून देतो आणि उरलेला भाग वापरतो. २०२० च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत याची तरतूद आहे. तसं असेल तर भांडण गाळ्यांशी नाही, बागेचा हिस्सा खरंच ताब्यात आला का, याच्याशी आहे. तिसरी, जागा नगरपरिषदेच्याच मालकीची आणि तिथे व्यापारी संकुलाचा ठराव झालेला. मग आरक्षण न बदलता ते बांधताच येत नाही, आणि अशा ठरावाला नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे स्थगिती मागता येते. चौथी, नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलाचा प्रस्ताव. त्यात राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येऊन हरकतींना एक महिना मिळतो, मंजुरी शासनाची लागते.

या चौथ्यासाठी आतापासून जागं राहावं लागतं. ती नोटीस बारीक टायपात, कधी कधी गावात फारसा न खपणाऱ्या अंकात येते. गल्लीतल्या दोघांनी रोज जाहीर नोटिसांचं पान चाळायचं काम वाटून घ्या. हरकत सुटी सुटी, मिळकतधारक म्हणून, आणि कारणासह द्या: गावात बागेखाली एकूण किती जागा आरक्षित आहे, त्यातली ताब्यात किती आली, पर्यायी जागा कोणती दाखवली आहे. एवढं करूनही प्रस्ताव पुढे सरकला तर उच्च न्यायालय आता लांब नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. वकील पहिल्या भेटीत हरकतीची पोच आणि सुनावणीची नोटीस मागतील. त्या दोन कागदांशिवाय याचिका पहिल्याच तारखेला अडखळते, तेव्हा त्यांची फाईल आजच वेगळी करा, आणि यंदाची घरपट्टी हक्क राखून भरल्याची पावतीही घरपट्टीच्या फाईलला लावून टाका.